बार्बाडोसहून बाल्टिमोरला

२०२४ च्या टी-२० वर्ल्ड कपच्या फायनलबद्दल लिहीत नाही. सूर्याचा कॅच केन्सिंग्टन ओव्हलमध्ये बसून पाहिला, घसा बसला, आणि तिकिटाला किती मोजले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही. एवढं पुरे.

त्याच्या आदल्या दिवशी बाबांना कार्लाइल बेमध्ये कासवं दाखवायला नेलं होतं. बाबा दापोलीचे, तीस वर्षं बोटीवर, इंजिन रूममध्ये. कासवांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. नावेवरच्या पोराने मात्र सांगायला सुरुवात केली की १९१८ साली अमेरिकन नौदलाचं अजस्र जहाज ‘सायक्लॉप्स’ इथून निघालं, ३०६ माणसांसकट गायब झालं, बर्म्युडा ट्रँगलने गिळलं! बाबा एकदम ताठ बसले. "त्याला विचार, आत माल काय होता?" मी विचारलं. पोराला रम पंच वाटायचं होतं.

रविवारी संध्याकाळी विमानतळ बंद झाला. बेरिल चक्रीवादळ येत होतं. गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंनी बादल्या भरून दिल्या, टॉर्च दिला, वर माशांचं कालवण पाठवलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. ओळखदेख नसलेल्या माणसांना कोण एवढं करतं? आमचं तिकीट होतं मायामीमार्गे बाल्टिमोर.

वीज गेली तेव्हा मी फोनवर सायक्लॉप्सबद्दल वाचत होतो, बाबांना मोठ्याने वाचून दाखवत. ४ मार्च १९१८ ला ती इथून निघाली, बाल्टिमोरला. १३ तारखेला पोचायची होती. आमचाच रस्ता म्हणा की! मला हसू आलं, बाबांना नाही.

"पुढे वाच."

प्रोटियस वर्गातली बोट, ५४२ फूट लांब. युद्धनौका कोळशावर चालायच्या त्या काळात त्यांना कोळसा पुरवणं हे या वर्गाचं काम. डेकवर उंच डेरिकच्या, म्हणजे माल उचलायच्या क्रेनच्या, रांगा त्यासाठीच. पण या खेपेला ब्राझीलमधून १०,८०० टन मँगेनीज खनिज भरलेलं. उजव्या इंजिनाचा सिलिंडर तडकलेला, म्हणजे एकाच इंजिनावर चाललेली. बार्बाडोसला थांबायचं ठरलेलंही नव्हतं.

"झालं," बाबा म्हणाले. अंधारात त्यांचा आवाज फार जवळून येत होता. "कोळसा मालाचा अख्खा होल्ड भरून बसतो. खनिज तळाला ढीग करून बसतं, वर अख्खी जागा रिकामी, आणि बोट मात्र पाण्यात खाली. त्यात कोळशाच्या ओलीने आतल्या तुळया खाल्लेल्या असणार. एक इंजिन, समोरून समुद्र... ट्रँगल कसला डोंबलाचा!"

बाहेर पत्रा कुठेतरी थडथडत होता. मी पुढे वाचलं. तिच्याच वर्गातल्या प्रोटियस आणि नेरियस १९४१ च्या अखेरीस सेंट थॉमसहून निघून अशाच नाहीशा झाल्या, दोघींतही बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज. चौथी ज्युपिटर, तिचं लँगली झालं, अमेरिकेची पहिली विमानवाहू नौका. तीही १९४२ मध्ये जावाच्या दक्षिणेला बॉम्ब खाऊन बुडाली.

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "खाली भट्टीपाशी जी पोरं असतील ना, त्यांना कळलंसुद्धा नसेल." सायक्लॉप्सचा सांगाडा आजवर सापडलेला नाही. हे मी वाचलं नाही, फोन उलटा ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांना बोटीवरची भीती कधी विचारली नव्हती. त्या रात्रीही नाही विचारली.

वादळ दक्षिणेकडून सरकलं आणि कॅरियाकू बेटावर आदळलं. इकडे मच्छीमारांच्या बोटी फुटून पडल्या होत्या. पुढचे दोन दिवस नुसत्या रांगा. एअरलाइनच्या हेल्पलाइनवर ऐकलेलं संगीत अजून कानातून जात नाही.

शेवटी विमानात बसलो. खिडकीची जागा मी हट्टाने घेतली होती, ती बाबांनी मागून घेतली. पंखाकडे मान वाकडी करून बघत होते.

"अरे, पलीकडचं दिसतंय का तुला?"

"काय?"

"इंजिन. फिरतंय का बघ."


मी उठलो. एअर होस्टेसबाईंनी बसायला सांगितलं. तरी बघून आलो.