मग तेंगू तेव्हा कुठे होता?

"बाबा, मग तेंगू तेव्हा कुठे होता?"

क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर, जमिनीवर जाळ्यासारख्या पसरलेल्या मुळांवरून उड्या मारता मारता लेक एकदम थांबली आणि हे विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

मीच तिला सांगत होतो. याच रानात लांब नाकाच्या तेंगूने, म्हणजे जपानी दंतकथांमधल्या डोंगरी भुताने, वडील गमावलेल्या योशित्सुनेला, पुढे मोठा योद्धा झालेल्या पोराला, रात्री तलवार शिकवली. नो या जपानच्या जुन्या नाट्यप्रकारातल्या एका नाटकात तर तो वचनच देतो, लढाईत सावलीसारखा पाठीशी राहीन म्हणून.

मग पुढचंही सांगावं लागलं. ११८५ मध्ये ज्या भावासाठी योशित्सुनेने दान-नो-उराची लढाई जिंकली, तोच भाऊ, योरितोमो, जिवावर उठला. योशित्सुनेला आसरा देणारा सरदार हिदेहिरा वारला आणि ११८९ मध्ये त्याच्याच मुलाने, यासुहिराने, योशित्सुनेवर हल्ला केला. योशित्सुनेने स्वतःचा जीव घेतला. डोकं मद्यात बुडवून योरितोमोकडे, कामाकुराला पाठवलं. यासुहिरालाही पुढे त्याच्याच माणसाने मारलं, आणि धन्याशी दगा केला म्हणून त्या माणसाला योरितोमोने मृत्युदंड दिला. स्वतःच्याच सावत्र भावाच्या मागे लागलेल्या योरितोमोने! हे वाक्य बोलताना माझाच आवाज चढला.

थोडं पुढे योशित्सुनेचं छोटंसं देऊळ आहे. त्याचा आत्मा इथेच परतला अशी श्रद्धा आहे. लेकीने न सांगता हात जोडले.

"इथे आला म्हणजे तेंगूवर रागावला नव्हता ना?"

खाली उतरेपर्यंत मी गप्पच होतो. तुम्ही काय सांगितलं असतं तिला?