धामणीचं धनुष्य: हिंज भलत्याच जागी निघाला

धामणीच्या लाकडाचं जे धनुष्य मी तासतोय, त्याच्या खालच्या बाहूचं (मुठीखालच्या अर्ध्या भागाचं) कोडं सुटलं! बाहू अजून सुतात आलेला नाही, पण तो नेमका कुठे खचतोय ते एकदाचं कळलं. टिलरिंगमध्ये, म्हणजे थोडं थोडं लाकूड काढून बाहू एकसारखे वाकवण्यात, सगळं घोडं तिथेच अडलेलं असतं.

मागच्या वेळी सांगितलं होतं तिथून पुढे. ६६ इंचांचं धामणीचं फाळकं (धनुष्यासाठीचं लांब लाकूड), बाहूंची रुंदी पावणेदोन इंच, साल काढल्यावर निघालेली पाठ (ओढणाऱ्यापासून दूरची बाजू) तशीच राखलेली, तिला पात्याचा स्पर्शही नाही. लक्ष्य २८ इंचांवर ४० पाउंड, म्हणजे दोरी २८ इंच ओढली की एवढं वजन हाताला लागावं. वरचा बाहू अगदी गुणी बाळासारखा वाकतोय, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खालच्या बाहूत मात्र एक गाठ आहे, आणि गाठीच्या पुढे टोकाकडे लाकूड मुळातच पोटाकडे (ओढणाऱ्याकडच्या बाजूला) जरा खाली बसलेलं आहे. टिलर बोर्डावर (धनुष्य अडकवून वाक बघायची फळी) चढवलं की नेमका तिथेच बाहू मोडल्यासारखा दिसायचा. बघणारा कुणीही म्हणेल, हा हिंज, म्हणजे बाहू बिजागरीसारखा एकाच जागी जास्त वाकतो ती कमजोर जागा.

गिझ्मो नावाचं साधनही तेच म्हणत होतं. (लाकडाचा छोटा सपाट ठोकळा, मधोमध पेन्सिल खोचलेली. दोरी चढवून पोटावरून फिरवायचा, जिथे रेघ उमटेल तिथे लाकूड ताठ.) गाठीपुढच्या खोलगट भागात रेघ उमटतच नव्हती, आणि गाठीच्या अलीकडे, मुठीच्या बाजूला, रेघाच रेघा. म्हणजे पुढे हात लावायचा नाही आणि अलीकडे तासायचं. डोळा आणि गिझ्मो यांचं एकमत झालं की सहसा मी वाद घालत नाही. पण कॅलिपर ऐकेना. जाडी मुठीपासून टोकापर्यंत व्यवस्थित उतरत होती, मध्ये कुठे खड्डा नाही. तिरका उजेड टाकून पोट तपासलं, नख फिरवून पाहिलं. दबून मोडलेल्या तंतूंच्या त्या बारीक आडव्या सुरकुत्या असतात ना, त्यातली एकही नाही. जिथे हिंज आहे म्हणायचं तिथलं लाकूड ठणठणीत.

मग कागद काढला. टिलरिंग सुरू करण्याआधी प्रत्येक फाळक्याची बाजूची रेषा मी लांब कागदावर आखून ठेवतो. दोरी उतरवली, धनुष्य त्याच कागदावर तसंच ठेवलं आणि नवी रेषा लाल पेन्सिलीने मारली. खोलगट भागात दोन्ही रेषा एकमेकींवर चपखल बसल्या. तिथे सेट (दोरी उतरवल्यावरही उरणारा वाक) शून्य! फरक पडला होता तो गाठीच्या अलीकडे, वीतभर मुठीकडे, जिथे गिझ्मो मला ‘तास, तास’ म्हणत होता. तिथे लाल रेषा काळीपासून स्पष्ट सुटलेली.

उलगडा असा. गाठीच्या अलीकडचा भाग मुळातच पाठीकडे थोडा उचललेला आहे. तो वाकला तरी फार तर सरळ दिसतो, म्हणून डोळ्याला ताठ वाटतो आणि गिझ्मोची पेन्सिल टेकते. पुढचा भाग आधीच खाली बसलेला, म्हणून जेमतेम वाकूनही जास्त वाकल्यासारखा दिसतो. त्यात गाठीला वळसा घालून जाणारे तंतू अलीकडच्या बाजूला तिरके बाहेर पडतात, त्यामुळे जाडी हिशेबात असूनही ताकद कमी. खरा हिंज सरळपणाच्या आड लपून बसला होता. वाकड्यातिकड्या फाळक्यावर गिझ्मो वापरू नये, असं आता माझं ठाम मत झालंय. रंध्यावर सरळ केलेल्या पट्टीसाठी तो उत्तम, पण नैसर्गिक फाळक्यात आकार बघायचाच नाही, आकारातला बदल बघायचा. धनुष्य न ओढता आणि ओढून अशा दोन रेषा घ्या, चार-चार इंचांचे टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्पा किती हलला ते मोजा.

उपाय सरळ आहे. गाठ आणि तिची अलीकडची वीत, इथे पेन्सिलीने फुल्या मारल्या, तिथे स्क्रॅपर (लाकूड खरवडायचा पातळ पोलादी पत्रा) फिरणार नाही. लाकूड काढायचं ते खोलगट भागातून आणि टोकाकडच्या तिसऱ्या भागातून. तेही जपून, कारण ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. १२ मिमी जाडीतला १ मिमी गेला की त्या जागेची ताठरता जवळपास २३ टक्के उतरते. रुंदीतून तेवढाच हिस्सा काढला तर ८ टक्केच. म्हणून शेवटच्या टप्प्यात रास्प (भरड दातांची कानस) पूर्ण बंद, फक्त कार्ड स्क्रॅपर, आणि प्रत्येक खरवडणीनंतर वीस-तीस छोट्या ओढी. लाकडाला तेवढ्या ओढी दिल्याशिवाय ते खरं बोलत नाही. रास्पवरून आठवलं, नवी मागवलेली रास्प परत करायच्या लायकीची निघाली. दात एकसारखे साच्यात ठोकलेले, ओरखडे इतके खोल की ते घालवताना हवं तेवढं लाकूडही जातं. हाताने ठोकलेल्या विस्कळीत दातांची जुनी कानस तिच्यापेक्षा कितीतरी सरस.

आता बाहू गोल यायला लागलाय. पण ओढीचं वजन उतरतंय. २४ इंचांवर २८ पाउंड, आणि अजून खरवडायचं बाकी आहे. या चालीने २८ इंचांवर ३५-३६ वर येऊन थांबेल. ठरवलं होतं की दोन्ही टोकं इंच-इंच कापायची. धनुष्य आखूड झालं की वजन चढतं, हा हमखास मार्ग. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, ते नकोच. आखूड केलं की ताण वाढणार तो नेमका त्याच थकलेल्या वीतभर भागावर. त्यापेक्षा त्या भागाचं पोट निखाऱ्यांवर भाजावं. कोरड्या उष्णतेने पोट दाब सोसायला कणखर होतं, आणि शिकंज्यात धरून भाजलं तर बसलेला सेटही परत काढता येतो. पाठीला आच लागू द्यायची नाही, ती ओल्या फडक्याने झाकायची. भाजल्यावर लाकूड पार कोरडं पडतं, तेव्हा हवेतली ओल परत शोषेपर्यंत दोरी चढवायची नाही, नाहीतर तडकलंच. आधी याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर करून बघणार.

तोवर बाण. इथे मात्र मजा आली. बांबूच्या काड्या पेरांवर तापवून सरळ केल्या आणि स्पाइन, म्हणजे काडीचा ताठरपणा, मोजलं. २६ इंचांच्या टेकूंवर काडी, मधोमध दोन पाउंडांचं वजन, किती इंच झुकली ते बघून २६ ला त्याने भागायचं. ०.६५ इंच झुकली की ४० पाउंड. सगळ्या काड्या ५ पाउंडांच्या फरकात बसल्या! बांबूकडून याहून जास्त अपेक्षा करणं म्हणजे लोभ.

पिसं एकाच बाजूच्या पंखातली, बांधणी तातीने (जनावराच्या स्नायूच्या धाग्याने). त्यासाठी मागवलेली ‘अस्सल तात’ ज्योतीजवळ धरली तर वितळून मणी झाला. मेण लावलेलं नायलॉन. खरी तात जळताना केसासारखा वास येतो, विकत घेण्याआधी एक धागा जाळून बघत जा. शेवटी वाळलेला स्नायू मोगरीने कुटून धागे सुटे केले. तोंडात धरून मऊ केलेला धागा पिसाच्या तंतूंमधून वळसे घेत जातो, शेवटचं टोक नुसतं अंगठ्याने दाबायचं. गाठ नको, सरस नको. वाळताना आक्रसून स्वतःच चिकटतो, आणि पारदर्शक, नखाने टकटक वाजेल असा कडक होतो.

१९९१ मध्ये आल्प्समध्ये सापडलेल्या ओट्झीजवळ, म्हणजे बर्फात टिकून राहिलेल्या प्राचीन माणसाजवळ, यू या झाडाच्या लाकडाचं १.८२ मीटर लांबीचं धनुष्य होतं, तेही अर्धवट तासलेलं. भात्यात १४ बाण, त्यातले पूर्ण झालेले फक्त दोन. तेव्हा ‘झालं का धनुष्य?’ असं विचारणाऱ्यांना मी त्याच्याकडे पाठवतो.

भाजण्यासाठीचा साचा आज कापायला घेतोय. त्या वीतभर भागाला अर्ध्या इंचाचा रिफ्लेक्स (पाठीकडे वाक) धरलाय. धामण कुणी भाजली असेल तर आच किती अंतरावर ठेवली आणि पोटाचा रंग कुठवर चढू दिला तेवढं सांगा, साच्याची उंची त्यावरच ठरवायची आहे.