चीन पुन्हा पुन्हा का सांधला गेला

चीन म्हणजे दोन हजार वर्षं अखंड राहिलेला देश, घराणी बदलली पण देश तोच, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. घराण्यांची सनावळी नीट लावली की हे टिकत नाही. इ.स.पूर्व २२१ मध्ये छिन राजाने बाकीची सहा राज्यं जिंकून पहिलं साम्राज्य उभं केलं आणि १२ फेब्रुवारी १९१२ रोजी छिंग घराण्याच्या शेवटच्या बालसम्राटाच्या नावाने गादी सोडल्याचं फर्मान निघालं. या मधल्या काळात हान साम्राज्य इ.स. २२० ला संपल्यावर ५८९ पर्यंत, थोडी वर्षं वगळता, चीन तुकड्यांतच होता. ९०७ ला तांग घराणं गेलं आणि पुन्हा अर्धशतकभर फाटाफूट झाली. ११२७ नंतर दीडशे वर्षं उत्तरेत आधी ईशान्येकडून आलेले जुर्चेन आणि मग मंगोल, तर दक्षिणेत सोंग घराणं राज्य करत होतं. म्हणजे हा देश फुटत होता, आणि चांगला फुटत होता. विचारायचं ते हे, की दर वेळी तो परत का जोडला गेला.

खानदेशातल्या माणसाला या प्रश्नात शिरायला वेळ लागू नये. तापीच्या काळ्या रानात अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी आणि सातपुड्यात चढलं की भिलोरी, पावरी. फारुकी, मोगल, मराठे, इंग्रज यांपैकी ज्याने ज्याने हा मुलुख ताब्यात घेतला, त्याला सपाटीसाठी एक कारभार आणि डोंगरासाठी दुसरा ठेवावा लागला. चीनमध्येही तेच झालं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. माझं मत असं आहे की चीनच्या एकीचं श्रेय संस्कृतीला जितकं दिलं जातं तितकं तिचं नाही. बरंचसं श्रेय नेमणुका, परीक्षा आणि धान्य यांच्या कंटाळवाण्या नियमांना जातं.

लिपीचं थोडक्यात सांगतो, कारण ती गोष्ट बहुतेकांना माहीत असते. कँटनची बोली आणि पेकिंगची (आजच्या बीजिंगची) बोली बोलणाऱ्यांना एकमेकांचं ऐकून कळत नाही, पण लिहिलेलं दोघंही वाचतात. छिनच्या काळात लिपी, वजनं-मापं, गाड्यांच्या आसांची रुंदी आणि नाणी एका मापात आणली गेली. बोली मात्र कुणी एक करू शकलं नाही. १७२८ मध्ये छिंग घराण्याच्या योंगझेंग सम्राटाने फुजियान आणि ग्वांगडोंग या दक्षिणेकडच्या प्रांतांच्या अधिकाऱ्यांना दरबारी बोली नीट शिकण्याचा हुकूम दिला, कारण त्यांचं बोलणं त्याला समजत नव्हतं. त्यासाठी शाळा उघडल्या आणि त्या हळूहळू ओस पडल्या. घरात अहिराणी आणि वहीत प्रमाण मराठी ही आपली सवय चीनच्या निम्म्या भागाला ओळखीची वाटेल.

खरी गंमत नेमणुकीच्या नियमात आहे. छिंग काळात कोणत्याही अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात नेमत नसत. प्रांत वेगळा असला तरी नेमणुकीची जागा त्याच्या घरापासून ५०० ली, म्हणजे सुमारे २८० किलोमीटरच्या आत चालत नसे. हिशोब आपल्याकडे लावला तर जळगावच्या माणसाला बुऱ्हाणपूर, नाशिक, संभाजीनगर, सगळंच बंद. जवळचा नातेवाईक त्याच कचेरीत असेल तर दोघांतल्या कनिष्ठाने बदली घ्यायची. शिवाय काही वर्षांनी उचलबांगडी ठरलेली. हेतू सरळ होता. अधिकाऱ्याची जमीन, सोयरीक आणि भाऊबंदकी जिथे असेल तिथे त्याच्या हाती वसुली आणि फौज द्यायची नाही. तांग काळात हीच चूक झाली होती. सरहद्दीवरच्या सेनापतींकडे फौज, महसूल आणि नेमणुका असं सगळं एकत्र दिलं गेलं. ७५५ मध्ये त्यांच्यातल्या आन लुशानने बंड केलं. ते मोडायला ७६३ उजाडलं, आणि त्यानंतर ईशान्येतल्या सुभेदारांनी महसूल पाठवणंच बंद केलं. तांग पुढे दीडशे वर्षं टिकलं, पण साम्राज्य म्हणून अर्धंच.

या नियमाची किंमतही मोठी होती. परगावहून आलेल्या जिल्हाधिकाऱ्याला स्थानिक बोली कळत नसे. त्याच्या हाताखालचे कारकून आणि शिपाई मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. त्यांना पगार नगण्य, त्यामुळे अर्जाला पैसे, समन्स बजावायला पैसे, जामिनाला पैसे. साहेबाचा स्वतःचा पगार वर्षाला ४५ लिआंग चांदी, एक लिआंग म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम. एवढ्यात त्याने पदरचे सल्लागार ठेवायचे, पाहुणचार करायचा आणि वरच्यांना खूश ठेवायचं. मग चांदी वितळवताना घट येते या नावाखाली करावर जादा आकार लावला जाई. योंगझेंगने १७२४ पासून हा आकार उघडपणे मान्य करून प्रांताच्या तिजोरीत जमा करायला लावला आणि त्यातूनच अधिकाऱ्यांना प्रामाणिक राहण्यासाठीचा भत्ता दिला. जिल्हाधिकाऱ्याला तो मूळ पगाराच्या कितीतरी पट, शेकड्यांनी लिआंग मिळे. काही दशकं हे चाललं. पुढे लोकसंख्या दुपटीहून वाढली, पण जिल्ह्यांची संख्या आणि भत्ता जवळपास तेवढाच राहिला. एका अधिकाऱ्यामागे दोन-तीन लाख माणसं झाली आणि जुने आकार मागच्या दाराने परत आले.

आता परीक्षा. हिच्याबद्दल बरंच लिहिलं जातं, पण गुणवत्तेची परीक्षा म्हणून. देश जोडण्याचं तिचं काम झाकून जातं. टप्पे तीन: जिल्हा आणि त्यावरच्या विभागाची चाचणी, मग दर तीन वर्षांनी प्रांताची, त्यानंतर राजधानीची, आणि शेवटी राजवाड्यात सम्राटासमोर क्रम ठरायचा. नानजिंगच्या परीक्षाकेंद्रात २०,००० हून अधिक कोठड्या होत्या. एकेका कोठडीत उमेदवार, दोन फळ्या, शाई आणि शिदोरी. रात्री त्याच फळ्या जोडून झोपायचं. वशिला रोखण्यासाठी सोंग काळातच, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, दोन उपाय पक्के झाले होते. उत्तरपत्रिकेवरचं नाव चिकटवून झाकायचं, आणि सगळी पत्रिका कारकुनाकडून नक्कल करून घ्यायची, म्हणजे हस्ताक्षरही ओळखू येत नाही. पुढच्या काळात उमेदवार काळ्या शाईने लिही, नक्कल लाल शाईत होई आणि परीक्षकापुढे फक्त लाल प्रत जाई.

एवढी काटेकोर परीक्षा देशाला तोडण्याच्या बेताला आली, ती १३९७ मध्ये. मिंग घराण्याचा संस्थापक झू युआनझांग गादीवर होता. राजधानीच्या परीक्षेचा निकाल लागला आणि उत्तीर्ण झालेले पन्नासहून अधिक उमेदवार, एक न एक, दक्षिणेचे निघाले. उत्तरेच्या मुलांनी आरडाओरड केली. सम्राटाने पत्रिका फेरतपासायला लावल्या, तपासणाऱ्यांनी पहिला निकालच बरोबर ठरवला. आणि तो बहुधा बरोबरच होता. उत्तर चीन शतकानुशतकं लढायांत भाजून निघाला होता, तर दक्षिणेत भात, व्यापार, छापखाने आणि शाळा होत्या. नावं झाकून ही तफावत झाकली जाणार नव्हती. सम्राटाने काही परीक्षकांना देहदंड दिला, मुख्य परीक्षकाला हद्दपार केलं आणि दुसरी यादी लावली. तिच्यात ६१ नावं होती, सगळी उत्तरेची.

ही मनमानी होती आणि त्यात निरपराध माणसं मेली. पण तीस वर्षांनी, १४२७ मध्ये, त्याच दुखण्यावर कायमचा नियम झाला. दर शंभर जागांमागे दक्षिणेला ५५, उत्तरेला ३५ आणि सिचुआन, युनान, ग्वांगशी, ग्वेइझोऊ अशा मागे पडलेल्या पट्ट्याला १०. छिंगांनी १७१२ पासून हा वाटा प्रांतवार केला. दूरच्या ग्वेइझोऊतल्या हुशार मुलालाही पक्कं ठाऊक असे की राजधानीत आपल्या प्रांताच्या नावाने काही जागा राखलेल्या आहेत आणि त्या दक्षिणेतल्या सधन सूझोऊचे लोक घेऊ शकणार नाहीत. त्याच्या बापाने, मामाने, सगळ्या कुळाने त्याच्यावर पैसा लावायचा तो पेकिंगकडे बघून. परीक्षेत एकदा पास झालेला आणि पुढे कधीही नोकरी न मिळालेला माणूससुद्धा गावात साम्राज्याचाच माणूस असे, कारण त्याची पत त्याच पदवीवर उभी असे. माझ्या मते हा ५५-३५-१० चा नियम चीनच्या भिंतीपेक्षा जास्त कामाचा ठरला.

अडचण होती ती जागा गोठल्याची. अठराव्या शतकाच्या अखेरीस लोकसंख्या तीस कोटींवर गेली, १८५० च्या सुमारास त्रेचाळीस कोटींच्या आसपास, आणि जागा मात्र जवळपास तेवढ्याच. ग्वांगडोंगचा हाक्का समाजातला हाँग शिउच्युआन वारंवार नापास झाला. शेवटचं अपयश १८४३ चं. त्याने उभारलेलं ताइपिंग बंड १८५० ते १८६४ चाललं आणि त्यात दोन कोटींच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे.

धान्याकडे आपण दुष्काळी भागातले लोक जास्त बारकाईने बघू शकतो. राजधानी उत्तरेत, भात दक्षिणेत. मिंग आणि छिंग काळात साधारण १०० लिटरच्या मापाने ४० लाख मापं धान्य दरवर्षी कालव्याने वर जाई. हांगझोऊ ते पेकिंग हा कालवा सुमारे १,८०० किलोमीटरचा, पण त्याची अडचण शांडोंगमधल्या एका उंचवट्यावर होती. दोन्ही बाजूंनी उतार, माथ्यावर पाणी नाही. १४११ मध्ये सोंग ली या मंत्र्याने बाई यिंग नावाच्या एका स्थानिक वृद्धाच्या सल्ल्याने वेन नदीवर बांध घातला, तिचं पाणी नानवांग इथे माथ्यावर आणलं आणि तिथून दोन्हीकडे सोडलं, उत्तरेला जास्त, दक्षिणेला कमी. पुढे दारं बसवून एकेक टप्पा भरत नावा चढवायच्या. पांझरेच्या फडांत बंधाऱ्यावरून पाटकरी पाणी फिरवतो ते पाहिलेल्याला हे काम लगेच समजेल, आणि त्यातला अन्यायही. कालव्याला पाणी कमी पडलं की शांडोंगच्या शेतकऱ्यांना स्वतःच्या शिवारातले झरे वापरायला बंदी असे.

जिल्ह्याजिल्ह्यात सरकारी कोठारं होती. नियम: सुगीला भाव पडले की खरेदी, वसंतात कडकी आली की बाजारभावापेक्षा थोडं खाली विक्री. साठ्यातला तीन दशांश दरवर्षी विकून नवा भरायचा, सात दशांश ठेवायचा, नाहीतर धान्य कुजतं. दुष्काळात नुकसान दशांशात मोजत. १७३८ पासून निम्मं पीक गेलं की करमाफी सुरू होई, निम्म्याला कराचा एक दशांश माफ, सगळंच गेलं तर सात दशांश. पन्नास पैशांच्या आतली पैसेवारी लागावी म्हणून आपल्याकडे जी ओढाताण चालते, तिची कल्पना असलेल्याला या तक्त्यावरून चिनी गावांत काय चालत असेल ते सांगायला नको. मदतीचं धान्य मोठ्या माणसाला रोज सुमारे अर्धा लिटर, मुलाला त्याच्या निम्मं.

यातही बिघाड होत होताच. बदलून आलेल्या अधिकाऱ्याला कोठार मोजून घ्यावं लागे आणि एकदा सही केली की तूट त्याच्या डोक्यावर. म्हणून कुजणाऱ्या धान्यापेक्षा चांदी ठेवणं अधिकाऱ्यांना सोयीचं वाटे, आणि दुष्काळात चांदी खाता येत नाही. उलट बाजूला, सरकारने फार खरेदी केली तर भाव चढत. १७४८ मध्ये च्यानलोंग सम्राटाने प्रांतांना विचारलं की धान्य महाग का होतंय. बऱ्याच जणांनी कोठारांच्या खरेदीकडे बोट दाखवलं. मग साठ्याचं लक्ष्य ४ कोटी ८० लाख मापांवरून ३ कोटी ४० लाखांच्या आसपास खाली आणलं गेलं.

हे सगळं आतल्या प्रांतांचं. नैऋत्येच्या डोंगरांत म्याओ, यी अशा समाजांवर शतकानुशतकं वंशपरंपरागत नायकच राज्य करत. सम्राटाने शिक्का द्यायचा, वारसाला मान्यता द्यायची आणि नायकाने नजराणा व गरज पडेल तेव्हा माणसं पाठवायची. अक्कलकुव्याकडचे मेवासी संस्थानिक, काठीसारखी घराणी आणि १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने उभी केलेली भिल्ल पलटण यांचा इतिहास ठाऊक असेल तर ही पद्धत वेगळी समजावायला नको. १७२६ पासून ओर्ताइ या सुभेदाराने हे नायक हटवून तिथे बदलीचे अधिकारी नेमायचा सपाटा लावला. कागदावर हे एकीकरण होतं. प्रत्यक्षात अधिकाऱ्यामागून कर आला, करामागून सावकार आणि बाहेरचा शेतकरी, आणि गहाण पडलेली जमीन परत आली नाही. १७३५ मध्ये ग्वेइझोऊत म्याओंचा मोठा उठाव झाला. तो चिरडल्यावर च्यानलोंगने त्या भागाचा कर माफ केला आणि आपसातले तंटे म्याओ रिवाजाने मिटवायला मुभा दिली. जिथे जमिनीचं दुखणं तसंच राहिलं तिथे १७९५ मध्ये परत भडका उडाला. शहाद्याच्या भागात १९७० च्या दशकात आदिवासींची चळवळ गहाण आणि बळकावलेल्या जमिनींवरच उभी राहिली होती.

मंगोल, तिबेट आणि शिनजियांगला छिंगांनी आणखी निराळं ठेवलं. त्यांच्यासाठी स्वतंत्र खातं, मंगोल सरदारांशी सोयरिकी, मंगोल कुरणांत चिनी शेतकऱ्यांना बंदी. तिबेटात १७९३ पासून मोठ्या लामांची निवड सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढून करण्याचा नियम झाला. मंगोलांसाठी सम्राट हा खान होता, तिबेटी लामांसाठी धर्माचा आश्रयदाता. सगळ्या गाठी एका माणसाशी बांधलेल्या होत्या.

म्हणून शेवट दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी झाला. १९०५ मध्ये परीक्षा बंद झाल्या आणि प्रांतांतल्या शिकलेल्या घरांना पेकिंगकडे बघायचं कारण उरलं नाही. ऑक्टोबर १९११ मध्ये वूचांगला बंड होताच काही आठवड्यांत एकेक प्रांत स्वतंत्र झाल्याचं जाहीर करत गेला. पुढे लष्करशहांनी एकमेकांशी वर्षानुवर्षं लढाया केल्या, पण त्यातला जवळपास प्रत्येक जण सगळ्या चीनच्या नावानेच लढत होता. गादी सोडण्याच्या फर्मानात मांचू (छिंगांचा स्वतःचा समाज), हान (बहुसंख्य चिनी), मंगोल, हुइ (मुसलमान) आणि तिबेटी अशा पाच समाजांचं एक प्रजासत्ताक असं लिहिलं होतं. मंगोल सरदारांनी मात्र त्याच्या आधीच, डिसेंबर १९११ मध्ये, उर्ग्याला (आजच्या उलानबातरला) आपला स्वतंत्र राजा बसवला होता. त्यांचं नातं खानाशी होतं, प्रजासत्ताकाशी त्यांनी कधी ते जोडलंच नव्हतं.