वाफेचा पडदा

रविवार, रात्री साडेअकरा

चित्र दाखवलं एकदाचं. लालबागच्या रस्त्याला. मित्राचं फ्रेमिंगचं दुकान आहे. दर्शनी काचेत गणपती, साईबाबा आणि कुणाच्या तरी आजोबांचा चंदनाचा हार घातलेला फोटो, यांच्या मधोमध त्याने जागा करून दिली. भाडं म्हणून एक कटिंग.

चित्र सुचलं येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाच्या कादंबरीवरून. लिहिली १९२०-२१ मध्ये, छापली गेली १९२४ साली न्यूयॉर्कला, तीही इंग्रजीत. त्याच्या स्वतःच्या देशात छापायला १९८८ उजाडलं. इंग्रजी नाव 'वुई'. मूळ रशियन नाव आपल्या कानाला जवळजवळ 'मी' असं ऐकू येतं आणि त्याचा अर्थ आहे 'आम्ही'. ही गंमत मी उत्साहाने बायकोला सांगितली. ती म्हणाली, आधी गॅसवरचं दूध बघ.

कादंबरीतल्या राज्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. सगळे एकाच क्षणी उठतात, एकाच क्षणी घास तोंडात घालतात आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावतात. घरं सगळी काचेची. पडदा ओढायचा तर गुलाबी चिठ्ठी हवी, आणि तीही ठरल्या वेळेपुरतीच. प्राचीन साहित्यातली सर्वश्रेष्ठ कृती म्हणून हे लोक काय जपतात, तर रेल्वेचं वेळापत्रक! कर्जत फास्टमागे धावलेल्या माणसाला ही थट्टा समजावून सांगावी लागत नाही.

पहिलं चित्र मार्चमध्ये केलं होतं. स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांवर चालणारं कल्पित जग, म्हटलं की जे हात आपोआप करतात तेच केलं: पितळी चक्रं, नळ्या, रिव्हेट, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना या मातकट रंगांचा सढळ वापर. मला फार आवडलं होतं. बाबांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"हे चाक कशाला फिरवतं?"

"कशालाच नाही. शोभेचं आहे."

"आणि हे?"

तेही शोभेचंच होतं. बाबा काही बोलले नाहीत. ते ८२ च्या संपापर्यंत गिरणीच्या बॉयलर खात्यात होते. शोभेचं चाक त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

त्या रात्री मला उलट प्रश्न पडला. कादंबरीत वाफ कुठे आहे? तिथे काच आहे, गणित आहे, अंतराळयान आहे. पितळ मी माझ्या हौशीने चिकटवलं. कल्पना सोडून द्यायची वेळ आली होती. मग लेखकाबद्दल वाचायला लागलो. हा माणूस जहाजबांधणीचा इंजिनीअर! १९१६-१७ मध्ये इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला राहून रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांवर देखरेख करत होता. त्यातल्या 'अलेक्झांडर नेव्हस्की'चं नाव क्रांतीनंतर 'लेनिन' झालं. ती जहाजं वाफेवर चालणारी. म्हणजे काचेचं शहर लिहिणाऱ्या हाताला कोळसा चांगलाच माहीत होता.

आणि मग अंघोळीला गरम पाणी सोडल्यावर न्हाणीघरातल्या आरशाकडे पाहताना लख्ख दिसलं. काचेच्या शहरात वाफ शिरली तर काच धुरकट होणार! ज्या पडद्याला चिठ्ठी लागते तो फुकटात मिळणार. कादंबरीत एक दिवस असं दाट धुकं येतंच, आणि शिस्तप्रिय नायक त्याने गडबडून जातो. माझी वाफ अगदीच परकी नव्हती तर.

दुसरं चित्र असं घडलं. चाकं सगळी काढली. शहराच्या पोटात एकच लँकेशायर बॉयलर, आडवा, दोन भट्ट्यांचा, बाबांनी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवला तसा. प्रेशर गेज, सेफ्टी व्हॉल्व, आणि पाण्याची पातळी दाखवणारी काचेची उभी नळी. पाळीभर त्या नळीवर नजर, बाबा सांगतात. वरच्या मजल्यांवर वाफ चढलेली, आणि एका धुरकट काचेवर बोटाने काहीतरी लिहिलेलं. काय, ते वाचता येत नाही.

वाफ रंगवता येत नाही, कागद कोरा सोडावा लागतो. मी आधी थॅलो ब्ल्यू मारून मोकळा झालो होतो. तो रंग कागदात मुरतो, ओल्या ब्रशने कितीही उचला, निळा डाग राहतोच. दोन कागद वाया गेले. तिसऱ्यावर वाफेच्या जागा आधी पेन्सिलने आखल्या आणि तिथे पाणीच फिरवलं.

आज दुपारी पाऊस होता. दुकानाची काच खरोखरच धुरकटली, हे काही मी ठरवलं नव्हतं. एक कुरिअरवाला थांबला, बाहीने काच पुसून म्हणाला, "ही कुठली गिरणी?" मी म्हटलं, रशियातली. तो मान डोलावून गेला.

चारच्या सुमाराला छत्री घेऊन बाबा आले. वाफ, मजले, बोटाची अक्षरं, कशाकडेच त्यांचं लक्ष नाही. थेट नळीकडे.

"पाणी दिसत नाहीये काचेत."

"मुद्दाम ठेवलंय, बाबा."

"अशा वेळी पाणी सोडायचं नसतं. तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं की संपलं. आधी आग ओढून काढायची." थोडं थांबून म्हणाले, "आणि वरच्या लोकांना बाहेर काढायचं."

आता फोनवर चित्राचा फोटो मोठा करून बघतोय. सतरा मजले काढलेत मी. एकाही घराला दार नाही.