मांडीला करंट लावून सायकल

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं अन् ब्रेस निघाल्यावर बघतो तर उजवी मांडी अशी बारीक, की पँटीचा तो पाय नुसता लोंबायला लागला. फिजिओवाल्या ताईंनी स्टॅटिक सायकल दिली पण एकदम हलक्या लोडवर, गुडघ्यावर जोर नको म्हणून, अन् तसलं हलकं मारून मांडी काय भरंना. मग एक दिवस त्यांनी मांडीवर चार पॅड चिकटवले अन् म्हणल्या पायडल मारत रहा, करंट मी वाढवते. आई शेजारीच बसलेली, "आरं करंट कशाला लावून घ्यायलास बाबा?"

आधी मुंग्या येतात, मग मांडी आपोआप आवळून दगडासारखी होती. दुखणं कमी करायला लावतेत ती टेन्स मशीन वेगळी बरं का, ही स्नायू आवळायची.

ताईंनी सांगितलेलं मला लई पटलं. आपण निवांत सायकल मारतो तेव्हा शरीर आधी बारीक, न थकणारे तंतू कामाला लावतं, जाड ताकदीचे तंतू लोड वाढल्याशिवाय उठतच नाहीत, बांधावर उभ्या ऱ्हाणाऱ्या मालकासारखे. करंटला ही पायरी कळत नाही, तो पॅडखालच्या नसा सरळ चेतवतो अन् जाडबारीक सगळे सोबतच जुंपले जातेत. जाड तंतू साखर जाळतेत, त्यातून तयार होणारं लॅक्टेट रक्तात वाढतं, म्हणून लोड हलका असूनबी धाप लागती, अन् म्हणूनच मांडी लवकर गळपटती.

कमरेखाली लुळं पडलेल्यांनाबी अशी सायकल चालवता येती, पायडल जसं फिरंल तसं मांडीचा पुढचा भाग, मागचा भाग, कुल्ला असा करंट पाळीपाळीनं जातो. 2016 ला झुरिकच्या सायबॅथलॉनमधी, म्हणजे यंत्रांच्या मदतीनं खेळायच्या अपंगांच्या स्पर्धेत, तर याची रेसच होती.

आमच्या परभणीत रेस बिस नाही, मे महिना होता. लाईट गेली, कूलर बंद, मशीन मात्र बॅटरीवर चालूच! घामानं एका पॅडचा कोपरा उचलला अन् गांधीलमाशी चावल्यासारखं झालं, कारण तेवढाच करंट उरलेल्या चिमूटभर जागेतून जायला लागला. तेव्हापासून कातडी कोरडी पुसून पॅड, वरून टेप, अन् मशीन झिरोवर आणल्याशिवाय पॅडला हात नाही.

असाच करंट लावून 20 मिनिटांत पोट कमीवाल्या जाहिराती मला पटत नाहीत. करंट हावरटासारखा वाढवला तर स्नायू फुटून लघवी चहासारखी होती अन् किडनीवर येतं, ते कुणी सांगत नाही.

मांडीत अजून दीड सेंटीमीटरचा फरक आहे. परवा आईनंच हळूच विचारलं, माझ्या गुडघ्याला लावतेत का रे ते? ताईंनी आधी पेसमेकरचं विचारलं. तो आहे, मग कुठला करंट. आता ती बिनकरंटाची सायकल मारायली, सिरियल बघत बघत, अन् माझ्यापेक्षा जास्त वेळ.