डाऊन जॅकेट घरी धुतलं. खरा त्रास वाळवण्याचा

केदारकंठ्याच्या ट्रेकहून परत आल्यावर माझ्या डाऊन जॅकेटची, म्हणजे आत पक्ष्यांची मऊ पिसं भरलेल्या जॅकेटची, कॉलर इतकी कळकट झाली होती की धुण्यावाचून गत्यंतर नव्हतं. धुणं झटक्यात आटपलं. वाळवताना मात्र एका लाँड्रीने जे छळलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधी धुण्याचं. घरी टॉपलोड मशीन आहे. त्यात हवा भरलेलं जॅकेट वर तरंगतं आणि पीळ बसून शिवण उसवू शकते, म्हणून टबात हातानेच धुतलं. कोमट पाणी आणि डाऊनसाठी मिळतो तो खास लिक्विड साबण. साधी पावडर वापरू नका, ती पिसांवरचं नैसर्गिक तेल काढून टाकते. फॅब्रिक सॉफ्टनर तर नकोच. चेन लावून, दाबत दाबत धुवायचं आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळायचं. पिळायचं अजिबात नाही. उचलताना खांद्याला धरून लोंबकळत ठेवलं तर ओल्या पिसांच्या वजनाने आतले कप्पे फाटतात, म्हणून न्हाऊ घातलेल्या बाळासारखं दोन्ही हातांवर उचलायचं. मग जाड टॉवेलात गुंडाळून दाबलं की बरंच पाणी निघतं.

वरचं कापड पंख्याखाली लवकर वाळतं आणि जॅकेट वाळल्यासारखं दिसतं. हात लावून बघितलं तर प्रत्येक कप्प्यात पिसांचा ओला गोळा एका कोपऱ्यात बसलेला. पिसांमध्ये हवा अडकते म्हणून ऊब येते. गोळे झाले की जॅकेट असून नसल्यासारखं. शिवाय ते ओलेच राहिले की कुबट वास धरतात. बोटांनी फोडत बसले, पण आतून ओल जाईना. याला मंद आचेचा ड्रायरच हवा, आणि पुण्यात तो किती घरांत असतो?

म्हणून जवळच्या एका मोठ्या लाँड्रीत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, बाहेर धुतलेला कपडा ड्रायरला घेत नाही." म्हटलं, धुलाईचेही पैसे घ्या, धुऊ नका, फक्त वाळवून द्या. त्यावर त्याने कॉम्प्युटर दाखवला: साडी, सूट, ब्लँकेट, जॅकेट. जॅकेट निवडलं की पुढे ड्रायक्लीन आपोआप येतं, ते काढता येत नाही. माझ्या लेबलवर गोलावर फुली आहे, म्हणजे ड्रायक्लीन नको. आणि चौकोनातल्या गोलात एक ठिपका आहे, म्हणजे मंद ड्रायर चालेल. त्याच्यासमोर लेबल धरलं. त्याने ते वाचलं, मान डोलावली आणि म्हणाला, "बिल निघत नाही ना." मॅनेजर संध्याकाळी येणार होते. आले, आणि त्यांनी "नुकसानीची जबाबदारी आमची नाही" असा कागद पुढे केला. मी सही केली. मग बिल निघेना म्हणून त्यांनी सोमवारी यायला सांगितलं! ओलं जॅकेट पिशवीत घेऊन मी तिथे ताटकळत होते आणि ड्रायर समोर रिकामा उभा होता. ग्राहकाच्या हातातल्या लेबलपेक्षा यादीतल्या बटणाला जास्त किंमत, हे मला मुळीच पटत नाही.

शेवटी एका गल्लीतल्या छोट्या दुकानात काम झालं. तिथल्या काकांनी जॅकेट दाबून पाहिलं आणि विचारलं, "टेनिस बॉल आणलेत का?" ते पिशवीतच होते. चेंडूंचा रंग कापडाला लागू नये म्हणून जुन्या पांढऱ्या मोज्यांत घालून गाठ मारली होती. मंद आचेवर फिरताना ते जॅकेटवर आपटतात आणि गोळे फुटतात. काका मधूनमधून मशीन थांबवून कप्पे चाचपत होते. जॅकेट फुगून बाहेर आलं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचे दोनदा आभार मानले. फिक्या रंगाचं असेल तर उजेडासमोर धरून बघा. राहिलेले गोळे गडद दिसतात. तसे दिसले तर आणखी फिरवा.

ट्रेकला नेताना दाबून भरायची ती छोटी पिशवी घरी वापरू नका. कपाटात हँगरवर सैल टांगा, नाहीतर पिसं चपटी होतात. फक्त कॉलर मळली असेल तर अख्खं जॅकेट धुऊ नका. ओल्या फडक्याला थोडा साबण लावून तेवढीच पुसा. धुवायचंच असेल तर पाणी लागण्याआधी लाँड्रीला फोन करा आणि इतकंच विचारा: घरी धुतलेलं जॅकेट मंद आचेवर नुसतं वाळवून देता का, आणि त्याचं बिल निघतं का?