उल्मची रायफल

आमच्या नेमबाजी क्लबच्या कपाटात अ‍ॅनशुट्झ या जर्मन कंपनीची १८१३ मॉडेलची एक जुनी रायफल आहे. गाल टेकतो तिथले दस्त्याचे पॉलिश पार उडाले आहे, खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटचे स्क्रू दोनदा बदलून झाले आहेत. तरीही बोल्टची, म्हणजे काडतूस आत बसवून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची, मूठ उचलून मागे घेतली की तो कुठेही न अडखळता असा सरकतो, की ही रायफल आपल्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे हे नव्या मुलांना खरे वाटत नाही. पन्नास मीटर प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याचा प्रकार, मी हिच्यावरच शिकलो. त्यामुळे या कंपनीविषयी मी तटस्थ आहे असा माझा दावा नाही. पण ज्या नावावर भरवसा ठेवून पालक आयुष्यभराची पुंजी मोडतात, ते नाव कशाच्या बळावर उभे आहे, हे लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

युलिउस गॉटफ्रीड अ‍ॅनशुट्झ यांनी १८५६ साली जर्मनीतल्या थुरिंजियात, मेहलिस या गावी, हा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग सोव्हिएत अमलाखाली गेला, कारखाना कुटुंबाच्या हातून गेला आणि १९५० मध्ये डॅन्यूबकाठच्या उल्म शहरात सगळे पुन्हा मांडावे लागले. त्याच मुलखातले दुसरे बंदूक कारखानदार वाल्थरही पुढे उल्मलाच आले.

कंपनीचा खरा लौकिक मात्र ‘मॅच ५४’ या रचनेने झाला. चाप सुटल्यापासून काडतूस पेटेपर्यंत जो क्षणाचा अगदी छोटा तुकडा जातो, त्यातही नेमबाजाचे शरीर हलत असते, श्वास आणि नाडी नळीला ढकलत असतात. हा वेळ जितका कमी, तितकी गोळी मनातल्या नेमाजवळ जाते. खटका स्वच्छ सुटणे, बोल्ट दर वेळी त्याच जागी घट्ट बसणे आणि नळी एकसारखी घडलेली असणे, या तिन्ही गोष्टी ‘मॅच ५४’मध्ये एकत्र आल्या. पुढे मॉडेलचे आकडे बदलत गेले, १८१३ नंतर १९१३ आली, पण मूळ रचना कंपनीने सोडली नाही. माझ्या मते तिची सर्वांत मोठी पुण्याई हीच आहे.

बर्फावरचे स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र असलेल्या बायथलॉनमध्ये ही गुणवत्ता आणखी स्पष्ट दिसते. १९७८ पासून त्या खेळात पॉइंट टू टू (०.२२ इंच व्यासाच्या गोळीची) रायफल वापरतात. खेळाडू बर्फातून धापा टाकत येतो आणि पन्नास मीटरवरचे पाच काळे गोल पाडतो. उभ्याने ११५ मिलिमीटरचे, पडून फक्त ४५ मिलिमीटरचे. अ‍ॅनशुट्झच्या १८२७ फोर्टनर रायफलीचा बोल्ट तर्जनीने सरळ मागे ओढायचा आणि अंगठ्याने पुढे ढकलायचा, मूठ फिरवावीच लागत नाही. गोठणबिंदूच्या खाली, थरथरत्या बोटांनी हे जमते, म्हणूनच त्या खेळात बहुसंख्य खेळाडूंच्या पाठीवर हीच रायफल असते.

पन्नास मीटरच्या ऑलिंपिक प्रकारांत मात्र आज तशी मक्तेदारी राहिलेली नाही. तिथे ब्लायकर आणि वाल्थर या कंपन्यांच्या रायफलीही मोठ्या प्रमाणात वापरल्या जातात, आणि हे मान्य केल्याने अ‍ॅनशुट्झचे काहीही कमी होत नाही.

तरीही नुसत्या नावाला भुलू नये, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी मी याच कंपनीची एक वापरलेली रायफल नाव पाहूनच घेतली. घरी आणून भिंगाखाली धरली, तेव्हा नळीच्या तोंडाच्या कडेवर एक बारीक ओरखडा दिसला. आधीच्या कोणी तरी पुढच्या बाजूने सळई घालून ती साफ केली होती. गोळी नळी सोडते त्या शेवटच्या कडेलाच धक्का लागला, की मागची सगळी कारागिरी वाया जाते. विकणाऱ्याला ते माहीत होते, त्याने सांगितले नाही. पण मीही पाहिले नव्हते.

काडतुसांचेही तसेच आहे. प्रत्येक नळीची एक आवड असते. रायफल शिकंजात घट्ट धरून वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे एकेका खेपेत बनलेली, दहा-दहा काडतुसे पन्नास मीटरवर झाडून पाहिली, तर एका लॉटची दहाही छिद्रे मिळून एकच भोक पडते आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या लॉटच्या दोन गोळ्या लक्ष्यावरच्या नऊ गुणांच्या वर्तुळात जातात. मधले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आणि गोळी ५.६ मिलिमीटरची, तिथे एवढी तफावत परवडत नाही. नळी कितीही उत्तम असली, तरी हे काम मालकालाच करावे लागते.

कपाटातल्या त्या जुन्या १८१३ ला आम्ही आजही याच पद्धतीने सांभाळतो. पावसाळ्यात दर सरावानंतर मागच्या बाजूने, सळई नळीला घासू नये म्हणून लावलेल्या आधारनळीतून ती घालायची, फडके कोरडे निघेपर्यंत फिरवायचे, मग तेलाचा पातळ हात द्यायचा आणि बोल्ट काढून वेगळ्या कापडात गुंडाळून ठेवायचा. गेल्या महिन्यात एका बारावीतल्या मुलीने तिच्यावर पहिल्यांदाच प्रोनचे साठ शॉट्स पूर्ण केले, आणि लक्ष्याकडे न पाहता आधी रायफल पुसायला घेतली.